लक्षणे ओळखणारा विभाग : घोडबंदर रस्त्यावरील एका न्यूरॉलॉजी सेवेचे परीक्षण

घोडबंदर रस्त्यावरील एका खाजगी रुग्णालयाच्या न्यूरॉलॉजी विभागाविषयी हे परीक्षण आहे. माझी भाची तेथे ऑटोइम्यून एन्सेफलायटिससाठी, म्हणजे शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे मेंदूला येणाऱ्या दाहासाठी, दाखल होती. रुग्णालयाचे नाव मी लिहीत नाही, कारण पुढे काही उणिवाही स्पष्टपणे सांगायच्या आहेत आणि ठाण्यात रुग्णालयाच्या नावावरून रुग्णाची ओळख पटायला फार वेळ लागत नाही. या आजारात पहिल्या तासाला कोणते प्रश्न विचारले गेले, कोणत्या तपासण्या कोणत्या क्रमाने झाल्या आणि उपचार कशाची वाट न पाहता सुरू झाले, हे वाचकांना कळले तर ते आपल्या जवळच्या कोणत्याही रुग्णालयाची पारख करू शकतील, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे रुग्णाला तेथे वेळेत नेऊ शकतील.

या आजाराची अडचण अशी की सुरुवातीला तो मेंदूचा आजार वाटतच नाही. भाचीला गणेशोत्सवानंतर कणकण, डोकेदुखी आणि सर्दी झाली. पावसाळा सरत असताना ठाण्यात असा ताप घरोघरी असतो, त्यामुळे डेंग्यू आणि मलेरिया नसल्याचे अहवाल आल्यावर सगळे निश्चिंत झाले. ताप उतरला, पण झोप उडाली. ती रात्र रात्र जागी राहू लागली, शेजारच्या इमारतीतले लोक आपले बोलणे ऐकतात असे सांगू लागली, कारण नसताना संतापू लागली आणि क्षणात रडू लागली. महाविद्यालयाची परीक्षा जवळ आली होती. घराजवळच्या डॉक्टरांनी ताण समजून झोपेची गोळी दिली आणि पुढे एका मानसोपचारतज्ज्ञांनी भ्रमावरचे औषध सुरू केले. नात्यातल्या ज्येष्ठ मंडळींना ही बाहेरची बाधा वाटली आणि त्यांनी उतारा टाकायला सांगितला. त्यामागे मायाच होती. सोसायटीत मात्र मनोरुग्णालयाचा विषय निघाला. ‘ठाण्याला पाठवा’ हे शब्द महाराष्ट्रभर ज्या अर्थाने सहज उच्चारले जातात, ते ठाण्यातच राहणाऱ्या आईला आपल्या मुलीविषयी ऐकावे लागणे फार क्लेशदायक असते. नंतर भाचीचे बोलणे आटत गेले, काही न खाता चावल्यासारखी तोंडाची हालचाल सुरू झाली, आणि नवरात्र उजाडण्याच्या सुमारास एका पहाटे तिला फिट आली.

अपघात विभागात तिच्या कागदावर ‘फिट, पूर्वीपासून मानसिक आजार’ अशी नोंद झाली. ही नोंद तशीच पुढे गेली असती तर पुढचे उपचार कोणत्या दिशेने गेले असते याची कल्पना करवत नाही. ती खोडली गेली, याचे पूर्ण श्रेय मी न्यूरॉलॉजिस्टना देते. त्यांनी कागदपत्रे बाजूला ठेवली आणि माझ्या बहिणीला विचारले, “ताई, ती आज कशी आहे ते मला दिसतंय. गणपतीत कशी होती ते सांगा.” बहिणीने सांगितले की गणपतीत तिनेच मखर केले होते, सगळ्या आरत्या तोंडपाठ म्हटल्या होत्या आणि विसर्जनाला ती मासुंदा तलावापर्यंत चालत आली होती. डॉक्टरांनी शेजारी उभ्या असलेल्या रेसिडेंट डॉक्टरांना सांगितले, “म्हणजे हा पूर्वीपासूनचा आजार नाही. हे काही आठवड्यांतलं आहे.”

या एका प्रश्नाचे मोल मला नंतर त्यांच्याकडूनच कळले. ऑटोइम्यून एन्सेफलायटिसची शक्यता केव्हा धरावी याचे निकष तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१६ साली प्रसिद्ध केले. त्यांतला पहिला निकष काळाचा आहे : स्मरणशक्ती, जागरूकता किंवा मानसिक स्थिती यांत तीन महिन्यांहून कमी अवधीत, झपाट्याने झालेला बदल. त्याच्या जोडीला मेंदूच्या एखाद्या भागाच्या बिघाडाची नवी खूण, आधीच्या कोणत्याही आजाराने उलगडा न होणारी फिट, पाठीच्या पाण्यात, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात, वाढलेल्या पांढऱ्या पेशी किंवा एमआरआयमधील सुसंगत बदल यांपैकी किमान एक गोष्ट असावी लागते, आणि दुसरी कारणे पुरेशा खात्रीने वगळावी लागतात. यातल्या तपासण्या रुग्णालयाच्या हाती असल्या तरी काळाचा निकष फक्त घरचीच माणसे पुरवू शकतात. म्हणून तारखा आठवत नसतील तर सणवार, लग्नकार्ये, परीक्षा यांच्या आधाराने माणूस केव्हा कसा होता हे सांगता आले पाहिजे, आणि चांगल्या डॉक्टरांनी ते त्याच भाषेत विचारले पाहिजे. येथे तसे विचारले गेले.

त्यांनी दुसरी गोष्ट मागितली ती मोबाइलमधील चित्रफीत. माझ्या भाच्याने, म्हणजे भाचीच्या भावाने, तिच्या तोंडाच्या हालचाली आणि एका हाताची विचित्र ठेवण काळजीपोटी टिपून ठेवली होती. डॉक्टरांनी ती पुन्हा पुन्हा पाहिली. ओठ, जबडा आणि जीभ यांच्या न थांबणाऱ्या हालचाली, हात किंवा पाय एकाच ठेवणीत ताठ राहणे, माणूस जागा असूनही हाकेला प्रतिसाद न देणे, बोलणे तुटक होत जाऊन थांबणे, ही ऑटोइम्यून एन्सेफलायटिसच्या एका प्रकाराची, एनएमडीए रिसेप्टरविरोधी एन्सेफलायटिसची, ठळक लक्षणे आहेत. मेंदूतील पेशींवरील संदेश स्वीकारणाऱ्या ज्या ग्राहकांवर, म्हणजे रिसेप्टरवर, स्मृती आणि विचार अवलंबून असतात, त्यांच्याविरुद्ध शरीर प्रतिपिंडे (अँटीबॉडी) तयार करते आणि ते ग्राहक पेशींच्या पृष्ठभागावरून कमी होत जातात. जोसेप डालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा आजार २००७ साली प्रथम नेमका ओळखला. त्याआधी असे किती तरुण रुग्ण चुकीच्या नावाखाली उपचार घेत राहिले असतील, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही. हा आजार तरुण स्त्रियांमध्ये आणि मुलांमध्ये अधिक आढळतो, पण पुरुषांनाही होतो.

वाचकांनी घाबरून जाऊ नये म्हणून येथेच सांगते की तरुण वयात प्रथमच भ्रम झालेल्या बहुसंख्य रुग्णांना मानसिक आजारच असतो आणि त्यांना मानसोपचारांचाच गुण येतो. संशय घ्यायचा तो लक्षणांच्या जुळणीवर. भ्रमाआधी ताप किंवा डोकेदुखी झालेली असणे, त्यासोबत फिट येणे, बोलणे कमी होणे, तोंडाच्या हालचाली, नाडीचे आणि रक्तदाबाचे अकारण चढउतार, आणि भ्रमावरचे औषध दिल्यावर सुधारण्याऐवजी अंग ताठ होऊन ताप चढणे, यांतले काही दिसले तर न्यूरॉलॉजिस्टला त्याच दिवशी दाखवावे. भाचीला आधीच्या औषधाने असाच ताठरपणा आला होता आणि घरी तो आजार वाढल्याचे लक्षण मानला गेला. येथील न्यूरॉलॉजिस्टनी ते औषध ताबडतोब थांबवले. मला विशेष आवडले ते असे की त्यांनी रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांना वगळले नाही. दोघांनी एकत्र येऊन तिला पाहिले, तिची अस्वस्थता कमी करण्यासाठी कोणते औषध सुरक्षित ठरेल हे आपसात ठरवले आणि आम्हाला दोन वेगवेगळी मते ऐकावी लागली नाहीत. अशी एकवाक्यता ही या विभागाची खरी ताकद आहे.

तपासण्यांविषयी विस्ताराने लिहिते, कारण याच टप्प्यावर अनेक कुटुंबे परत फिरतात. पहिला एमआरआय नॉर्मल आला. घरात सुटकेचा निःश्वास टाकला गेला आणि आता घरी नेऊ या असेही कुणी म्हणाले. रेसिडेंट डॉक्टरांनी आम्हाला बसवून समजावले की या आजाराच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत एमआरआय नॉर्मल असू शकतो, त्यामुळे नॉर्मल एमआरआयने हा आजार नाकारला जात नाही. ईईजी, म्हणजे मेंदूतील विद्युत लहरींचा आलेख, मात्र बहुतेकांत बिघडलेला असतो. येथे पहिली मोठी उणीव जाणवली. दाखल झालो तो शनिवार होता आणि रविवारी ईईजी करणारा तंत्रज्ञ उपलब्ध नव्हता, म्हणून ती तपासणी सोमवारपर्यंत रखडली. अपघात विभाग चोवीस तास चालू असल्याचा मोठा फलक लावणाऱ्या रुग्णालयात फिट आलेल्या रुग्णाला ईईजीसाठी थांबावे लागणे मला मान्य होण्यासारखे नाही. सोमवारी केलेल्या आलेखात लहरी मंदावलेल्या दिसल्या, आणि केवळ मानसिक आजारात सहसा असे दिसत नाही हेही आम्हाला तेव्हाच सांगण्यात आले.

पाठीतून पाणी काढण्याचा प्रश्न त्याहून अवघड होता. मणक्यात सुई टोचली की माणूस पांगळा होतो, हा समज आमच्याही घरात होता आणि माझे मेहुणे सही करायला तयार नव्हते. संमतीपत्र फक्त इंग्रजीत होते. ठाण्यातील रुग्णालयात रुग्णाच्या वडिलांना आपल्या भाषेतील कागद मिळू नये याचे मला वाईट वाटले, आणि अशा वेळी ती गैरसोय राहत नाही, तिच्यामुळे उपचारांना उशीर होऊ शकतो. ती कसर एका तरुण महिला रेसिडेंटने भरून काढली. तिने कागदावर पाठीचा कणा काढून दाखवला, मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो आणि सुई त्याच्या बरीच खाली घातली जाते हे समजावले, आणि नंतर डोके दुखू शकते हेही लपवले नाही. मेहुण्यांनी तिथल्या तिथे सही केली. काढलेल्या पाण्याची नागिणीच्या कुळातील विषाणूंसाठी, क्षयाच्या जंतूंसाठी आणि इतर संसर्गांसाठी तपासणी झाली, कारण आपल्याकडे मेंदूच्या आवरणाचा क्षय वगळल्याशिवाय स्टेरॉइडकडे वळणे धोक्याचे असते. प्रतिपिंडांच्या तपासणीसाठी पाठीचे पाणी आणि रक्त हे दोन्ही नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवले गेले. फक्त रक्त तपासले तर एनएमडीएविरोधी प्रतिपिंडे काही रुग्णांत सुटून जातात. पाण्यातील तपासणी अधिक भरवशाची असते. खर्च वाचवण्यासाठी कुणी फक्त रक्ताची तपासणी सुचवली तर वाचकांनी हे अवश्य विचारावे.

प्रतिपिंडांचा अहवाल यायला वेळ लागतो, आणि या विभागाविषयी मला सर्वाधिक आदर वाटतो तो त्यांनी त्याची वाट पाहिली नाही म्हणून. विषाणूविरोधी औषध पहिल्या दिवसापासून चालू होते. संसर्गाचे प्राथमिक अहवाल हाती येताच मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड शिरेतून रोज १ ग्रॅम या प्रमाणात पाच दिवस आणि त्याला जोडून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दात्यांच्या रक्तातून मिळवलेली प्रतिपिंडे, सुरू झाले. दुसऱ्या औषधाची मात्रा वजनावर ठरते : दर किलोमागे रोज ०.४ ग्रॅम, पाच दिवस. ५० किलो वजनाच्या व्यक्तीला त्याचे एकूण १०० ग्रॅम लागतात आणि खर्च लाखांत जातो. डॉक्टरांनी तो आकडा आधी सांगितला, प्लाझ्मा, म्हणजे रक्तातील द्रव भाग, बदलण्याचा पर्याय समजावला आणि मग निर्णय आमच्यावर सोडला. लवकर सुरू केलेले उपचार आणि बरे होण्याची शक्यता यांचा संबंध २०१३ साली लॅन्सेट न्यूरॉलॉजीत प्रसिद्ध झालेल्या ५७७ रुग्णांच्या अभ्यासात स्पष्ट दिसला होता. दोन वर्षांपर्यंत पाठपुरावा झालेल्या रुग्णांपैकी ८१ टक्के रुग्ण चांगले सुधारले होते. ही संख्या त्यांनी बहिणीला सांगितली तेव्हा दाखल झाल्यापासून प्रथमच ती जेवली. अहवाल आला तेव्हा तो एनएमडीए प्रतिपिंडांसाठी सकारात्मक होता आणि तोवर उपचारांचा पहिला टप्पा पूर्णही झाला होता. सुधारणा पुरेशी वाटली नाही म्हणून पुढे रिटुक्सिमॅब हे प्रतिकारशक्तीला आवर घालणारे औषध दिले गेले.

मेंदूच्या आजारात पोटाची सोनोग्राफी कशासाठी, असा प्रश्न आमच्या घरात सर्वांनीच विचारला. तरुण स्त्रियांमध्ये या आजारामागे कधी कधी बीजकोशातील (अंडाशयातील) टेराटोमा ही गाठ असते. त्या गाठीत मेंदूत असतात तशा मज्जापेशी असू शकतात, शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवते आणि ती मेंदूवरही हल्ला करतात. गाठ सापडली तर ती काढणे हा उपचाराचाच भाग ठरतो. भाचीला गाठ नव्हती, तरी ही तपासणी पुढेही ठरावीक अंतराने करायला सांगितली आहे. अविवाहित मुलीच्या बीजकोशाची तपासणी हा विषय काही घरांत अकारण संकोचाचा होतो. येथील सोनोग्राफी विभागातील महिला डॉक्टरांनी तो फार संयमाने हाताळला.

अतिदक्षता विभागातील सिस्टरांचे काम उत्तम होते. एका रात्री भाचीची नाडी फार मंदावली आणि काही मिनिटांतच रक्तदाब चढला. मॉनिटरवरील हा बदल सिस्टरच्या लक्षात आला तेव्हा डॉक्टरांना बोलवायला तिने क्षणही दवडला नाही. श्वास मंदावण्याचीही शक्यता या आजारात असते, म्हणून असा रुग्ण सुरुवातीच्या काळात जेथे अतिदक्षतेची आणि व्हेंटिलेटरची सोय आहे अशाच ठिकाणी असावा. भाचीला हातपाय बांधून ठेवण्याची वेळ येऊ नये म्हणून वॉर्डात काम करणाऱ्या मावशींनी पाळीपाळीने तिच्याजवळ बसण्याची व्यवस्था केली होती. हे कोणत्याही बिलात दिसत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.

बिलाच्या काउंटरविषयी चांगले लिहिता येत नाही. पहिल्या नोंदीतील ‘मानसिक आजार’ हे शब्द विमा कंपनीच्या अर्जात तसेच गेले आणि कॅशलेस मंजुरी अडकली. न्यूरॉलॉजिस्टनी स्वतः सुधारित पत्र दिले तेव्हा ती मिळाली. अर्जावरील निदानाचा मजकूर सही करण्याआधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावा.

हाच विभाग वयस्कर रुग्णांच्या एका निराळ्या प्रकाराबाबतही सजग आहे, आणि तो सांगणे आवश्यक वाटते, कारण त्याची लक्षणे तरुणांच्या आजाराहून अगदी वेगळी आहेत. एलजीआय-१ या प्रथिनाशी संबंधित दाह बहुधा पन्नाशीपुढच्या व्यक्तींना, अधिक करून पुरुषांना, होतो. त्यात चेहरा आणि त्याच बाजूचा हात क्षणभर आखडतो आणि सुटतो. हा झटका दोनतीन सेकंदांचा असतो, पण दिवसातून कित्येकदा येऊ शकतो. हातातील चहाचा कप अचानक सुटतो, लिहिताना पेन उडते, आणि घरचे त्याला वयाचा थरथराट समजतात. पाठोपाठ विसराळूपणा वाढतो, रक्तातील सोडियम अनेकांत कमी सापडते आणि सर्वांना वाटते की हा विस्मरणाचा वार्धक्यातील आजार आहे. फिटच्या नेहमीच्या गोळ्यांचा या झटक्यांवर फारसा परिणाम होत नाही, स्टेरॉइडचा होतो. हे झटके स्मृती बिघडण्याच्या आधी ओळखले गेले तर ती वाचवण्याची संधी असते. विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात डॉक्टर सोबतच्या नातेवाइकांना हे झटके स्वतःच्या हाताने करून दाखवतात आणि घरी असे होते का हे विचारतात.

घरी परतल्यानंतरच्या सेवेत हा विभाग कमी पडतो. भाचीने हळूहळू बोलायला सुरुवात केली, पण आदल्या दिवशीचे तिला आठवत नसे, वाचलेले टिकत नसे आणि संताप पटकन उसळत असे. या आजारातून पूर्ण बाहेर यायला बरेच महिने, काहींना दीड ते दोन वर्षेही लागतात, आणि त्या काळात स्मृती व वाचा यांच्या नियमित सरावाची गरज असते. रुग्णालयात फिजिओथेरपी आहे, पण स्मृतीच्या पुनर्वसनाचा तज्ज्ञ नाही. त्यासाठी बहिणीला तिला घेऊन मुंबईत जावे लागते, आणि गर्दीच्या लोकलमध्ये गोंगाटाने बिथरणाऱ्या मुलीला घेऊन जाणे किती कठीण असते हे वेगळे सांगायला नको. महाविद्यालयासाठी लागणारे पत्र मात्र डॉक्टरांनी आपणहून लिहून दिले आणि त्यात परीक्षेला जादा वेळ मिळावा अशी शिफारस केली.

आजार उलटू शकतो. ५७७ रुग्णांच्या त्या मोठ्या अभ्यासात पहिल्या दोन वर्षांत सुमारे १२ टक्के रुग्णांत तो उलटल्याचे आढळले होते. डिस्चार्जच्या कागदात याविषयी इंग्रजीत एकच ओळ होती. मी विनंती केल्यावर त्याच रेसिडेंटने झोप पुन्हा उडणे, संशय वाढणे, शब्द न सापडणे, फिट येणे, तोंडाच्या हालचाली परतणे यांपैकी काही दिसल्यास वेळ न घेता थेट यावे, असे मराठीत लिहून त्यावर विभागाचा दूरध्वनी क्रमांक घातला. तो कागद बहिणीच्या स्वयंपाकघरात लावलेला आहे. रविवारचा ईईजी तंत्रज्ञ, पुनर्वसनाची सोय आणि मराठी संमतीपत्र या तिन्ही गोष्टींविषयी मी रुग्णालयाला लेखी कळवले. मराठी संमतीपत्र आता काउंटरवर मिळते. उरलेल्या दोन गोष्टींबाबत अद्याप उत्तर आलेले नाही आणि मी पुन्हा पत्र लिहिणार आहे.